खडकवासल्यात गाळा भाड्याने घेताना

सिंहगड-पानशेतच्या वाटेवर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भजी-कणसांवर गर्दी उसळते. उन्हाळ्यातल्या मंगळवारी तोच रस्ता मोकळा असतो. म्हणून भाडे ठरवताना जुलैचा नव्हे, एप्रिलचा गल्ला डोळ्यांपुढे ठेवा.

करार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरतात. तोंडी बोलीवर गाळा देणे म्हणूनच मालकालाही परवडत नाही.

खर्च : 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा भाडे 15,000, परत मिळणारी अनामत 1 लाख आणि मुदत 3 वर्षे. भाडे 5,40,000, अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेले व्याज 30,000. म्हणजे 5,70,000 वर शुल्क 1,425 रुपये. गाव 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत आल्याने नोंदणी फी शहरी दराची, 1,000 रुपये.

परवाने : वीसपेक्षा कमी कामगार असल्यास दुकाने व आस्थापना कायदा, 2017 खाली फक्त ऑनलाइन सूचना पुरते. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय नोंदणी वेगळी.

धरणाकाठची जागा असेल, तर अनामत देण्याआधी सातबारा आणि बांधकाम परवानगी स्वतः पाहा.