प्रेशर मशीन आपली, दर आपला आणि नकारही आपला

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या रस्त्याने जाताना पेट्रोल पंपाच्या अलीकडे-पलीकडे एखादे ‘वॉशिंग सेंटर’ दिसतेच. वर पत्र्याचे शेड, बाजूला पाण्याची टाकी, एक पंप आणि हातात गन घेतलेला तरुण. पावसाळ्यात चिखलाने भरलेले ट्रॅक्टर, सोयाबीन निघाली की मळणीयंत्रे, हळदीच्या हंगामात वाहतुकीच्या गाड्या, आणि बाराही महिने मोटारसायकली. भांडवल कमी, काम हाताने शिकता येणारे, गिऱ्हाईक गावातलेच. म्हणून आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांमध्ये ‘प्रेशर मशीन टाकायची आहे’ म्हणणारे बरेच असतात.

त्यांच्यासोबत बसताना दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला पैशांचा. दुसरा घरातून येतो: “बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला लावली, आणि शिकूनसवरून तू पुन्हा धुण्या-पुसण्याचाच धंदा करणार?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या लेखात आम्ही मशीनचे गणितही मांडतो आणि या प्रश्नाचे उत्तरही शोधतो.

मशीन घेताना फसू नका

प्रेशर वॉशर म्हणजे पाणी दाबाने फेकणारा पंप. जर्मनीच्या कार्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे हाय-प्रेशर मशीन बनवले आणि १९८४ मध्ये घरगुती वापराचे, उचलून नेता येईल असे मशीन बाजारात आणले. आज अनेक कंपन्यांची मशीन मिळतात. घ्यायच्या आधी दोन आकडे बघायचे: दाब किती बार आणि पाणी मिनिटाला किती लिटर. दाब मळ सुटा करतो, पाणी तो वाहून नेते. नुसता दाब जास्त आणि पाणी कमी असेल तर ट्रॅक्टरचा चिखल निघता निघत नाही.

दुकानदार खरे सांगतो का, हे तपासायला एक सोपे सूत्र आहे. बारला लिटरने गुणा आणि ६०० ने भागा. येईल ती किलोवॅटमधली ताकद. समजा कोणी म्हणाला, “तीन एचपीची मशीन, २०० बार, मिनिटाला १५ लिटर.” २०० गुणिले १५ म्हणजे ३०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, म्हणजे तीन एचपीची मोटार जेमतेम सव्वादोन किलोवॅट देते. सांगितलेली गोष्ट शक्यच नाही. तीन एचपीवर १०० बार आणि १० लिटर इतके मिळाले तरी ते प्रामाणिक मशीन समजा, आणि मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टरला ते पुरते. मोठे मशीन घ्यायचे तर आधी आपल्याकडे थ्री फेज किती तास असते ते पाहा.

घरगुती मशीन स्वस्त पडते, पण ते दिवसभर चालवायला बनवलेले नसते. धंद्यासाठी इंडक्शन मोटारीचे मशीन घ्यावे. आणि ज्याचे सील, वॉल्व्ह आणि पाइप हिंगोलीत किंवा निदान नांदेड-परभणीत मिळतात, तेच घ्यावे.

मशीन मरते ते तीन कारणांनी. टाकी रिकामी झाली आणि पंप कोरडा चालला तर सील जळतात. गन बंद ठेवून मशीन चालू ठेवली तर तेच पाणी पंपात फिरून तापते. आणि बोअरच्या पाण्यातली रेती फिल्टर नसेल तर आतले भाग खाते. पाणी आत येते तिथे चांगला फिल्टर लावला आणि तेल मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे बदलले, तर अर्ध्या दुरुस्त्या वाचतात.

हात सांभाळा

गनच्या धारेपुढे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा हात-पाय कधीही धरू नका. दाबाचे पाणी कातडीत घुसते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, आत मात्र मांसाचे नुकसान झालेले असते. असे झाले तर हळद लावून घरी बसायचे नाही. त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि ‘प्रेशरचे पाणी आत गेले’ असे स्पष्ट सांगायचे.

पाणी आणि वीज एकत्र आहे. म्हणून चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच, हा खर्च टाळू नका. पेट्रोल इंजिनाची मशीन बंद खोलीत चालवू नका. तिचा धूर जीव घेतो. पायात गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

लाल, पिवळे, हिरवे, पांढरे अशा रंगांचे नोझल येतात. लाल म्हणजे शून्य अंशाची सुईसारखी धार. गाडीवर ती वापरायची नाही. हिरवे २५ अंशांचे आणि पांढरे ४० अंशांचे. गाडीला हीच चालतात. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीवर, बेअरिंगवर आणि वायरिंगवर जवळून धार मारू नका. सोलर पॅनेल प्रेशरने धुऊ नका. त्याला सकाळच्या थंड वेळी साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्यावर तर मशीन लावूच नका. त्यातून सुटणारे तंतू फुप्फुसात जातात.

एका महिन्याचा हिशेब

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे दर घालून ते पुन्हा मांडा. दिवसाला ८ मोटारसायकली ७० रुपयांनी ५६०, दोन चारचाकी २५० ने ५००, एक ट्रॅक्टर ३००. एकूण १,३६०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३५,३६० रुपये.

आता खर्च. अर्धवेळ मदतनीस ७,०००, जागेचे भाडे ४,०००, पाणी-वीज-शाम्पू ५,०००, कर्जाचा हप्ता ३,१००, दुरुस्तीसाठी बाजूला २,०००. एकूण २१,१००. हातात राहतात १४,२६०.

हे चांगल्या महिन्याचे झाले. मे महिन्यात पाणी नसते, चिखल नसतो आणि धंदा निम्म्यावर येतो. जमा १७,६८०, खर्च मात्र तोच. म्हणजे ३,४२० रुपये खिशातून. पहिल्याच उन्हाळ्यात सेंटर बंद पडते ते बहुतेक या खड्ड्यामुळे. दिवाळीला गल्ला भरलेला असतो, तेव्हा मे महिना कोणाला आठवत नाही.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक खर्चायला, दोन धंद्यात, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. आम्ही हा उपदेश वॉशिंग सेंटरवाल्यांना शब्दशः पाळायला सांगतो. वरच्या हिशेबात १४,२६० चा चौथा भाग सुमारे साडेतीन हजार होतो. म्हणजे एका चांगल्या महिन्याची बचत एका वाईट महिन्याचा खड्डा भरते.

उधारीचेही सांगितले पाहिजे. गावातला मोठा माणूस “लिहून ठेव” म्हणतो आणि मागायला गेले की तोंड वाकडे करतो. आपलेही लोक मागे नाहीत: “जय भीम, आपलाच कार्यक्रम आहे, घे धुऊन.” दराची पाटी ठळक लावा, ती सगळ्यांना सारखी ठेवा. विहाराची फरशी वर्षातून एकदा धम्मदान म्हणून धुवा आणि तेवढेच पाटीवर लिहून ठेवा.

भांडवल कुठून

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. दीड लाखाचा प्रकल्प धरला तर स्वतःचे ७,५०० आणि गावात ५२,५०० अनुदान. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीज भांडवल योजनाही आहे. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात आणि महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन आजचा नियम विचारा.

एक गैरसमज मात्र काढा. अनुदान रोख हातात पडत नाही. पंतप्रधान योजनेत ते तीन वर्षे बँकेत तुमच्या नावाने अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असेल तर कर्जात वळते करतात. म्हणजे हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत. “अनुदान आले की भागेल” असे म्हणणारा पुढे थकबाकीदार होतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या आपल्याच पोराला बँक दारात उभे करत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

पाणी

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्यांच्या आज्या-पणज्या विहिरीपासून दूर उभ्या राहिल्या, त्यांच्या नातवाने टँकरच्या दिवसांत पाणी उधळावे हे शोभत नाही. मिनिटाला १० लिटरच्या मशीनवर पाच मिनिटांत मोटारसायकल धुतली तर ५० लिटर लागतात. उघड्या पाइपाने त्याहून बरेच जास्त वाहून जाते. ही मशीनची जमेची बाजू. पण त्याच्यापुढे आपणही जावे. सांडपाण्यासाठी तीन कप्प्यांचा हौद बांधा: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगते ते काढून घेता येते, तिसऱ्यातले पाणी चिखलाच्या पहिल्या धुण्याला परत वापरता येते. गावात टँकर सुरू झाला की पिण्याचे पाणी आधी, आपला धंदा नंतर.

आता तो दुसरा प्रश्न

सेंटर सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की एक निरोप हमखास येतो. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला असाच आला: “अरे, मशीन घेऊन ये ना, संडासाची टाकी तुंबलीय.” तो म्हणाला, माझी मशीन गाड्या धुवायची आहे. समोरून उत्तर आले, “तुम्हाला काय नवीन हाय का?”

त्या पाच शब्दांत सगळे आहे. त्याच रस्त्यावर दुसऱ्या समाजाच्या मुलाचे तसेच सेंटर आहे. त्याला हा निरोप गेला नाही. मशीन एकच, काम एकच. पण एकाला लोक मालक समजतात आणि दुसऱ्याची जात बघतात. मशीन आली म्हणजे जात गेली असे होत नाही.

बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला लावले, ते कष्टाची लाज वाटावी म्हणून नव्हे. काम जन्माने ठरत होते, मोबदला ठरलेला नव्हता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. विरोध या तीन गोष्टींना होता. मग आपल्या धंद्याची परीक्षाही याच तीन गोष्टींनी करावी. काम मी निवडले का? दर मी ठरवला का? मला नको ते काम मी नाकारू शकतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर चिखल धुण्यात कमीपणा नाही. ती सम्यक आजीविकाच आहे. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर गळ्यातले मडके जाऊन हातात गन आली एवढेच.

म्हणून सेप्टिक टाकी आणि गटार यांना सरळ नकार द्या. यात फक्त स्वाभिमानाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. त्या टाकीतला वायू दोन-चार श्वासांत माणूस पाडतो आणि वाचवायला उतरणाराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातील मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. आणि लक्षात ठेवा, तुम्ही मदतनिसाला उतरवले तर आरोपी तुम्ही असाल.

“मी नाही, पण एक माणूस देतो” असेही म्हणू नका. तो माणूस बहुधा आपल्याहून गरीब आणि आपल्यासारखाच जातीने बांधलेला असतो. त्याला खाली उतरवून आपली सुटका होत नाही. योग्य उत्तर एकच: नगरपालिकेची किंवा परवानाधारक सक्शन गाडी बोलवा. लागला तर तिचा नंबर तुम्हीच द्या.

त्या तरुणाने आता दराच्या पाटीवर शेवटची ओळ लिहिली आहे: ‘सेप्टिक टाकी व नालीची कामे घेतली जात नाहीत.’ सुरुवातीला दोन गिऱ्हाईके तुटली. पुढे पावसाळा आला, ट्रॅक्टर चिखलाने भरले, आणि त्यातले एक परत आले. आल्यावर त्याने ‘अरे’ म्हटले नाही; “ट्रॅक्टरचे किती?” एवढेच विचारले.

मित्रांनो, धंदा लहान असला तरी चालेल. पाटी मात्र आपल्या हातची असू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!