महानगरपालिकीय शाळा, नागपूर

नागपूर महानगरपालिकेने चालविलेल्या, मुख्यतः प्राथमिक स्तरावरील विनाशुल्क शाळा. मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी या माध्यमांतून त्यांत शिक्षण दिले जाते. या शाळांतील पटसंख्येची घट व त्यांचा शैक्षणिक दर्जा यांची चर्चा बहुधा शिक्षकांच्या कर्तव्यबुद्धीच्या अंगाने होते; तथापि या दोहोंचा त्यांच्या अर्थपुरवठ्याच्या पद्धतीशी अधिक निकटचा संबंध आहे.

नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मध्य प्रांताच्या १९२० च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने मिळाला. महानगरपालिका २ मार्च १९५१ रोजी अस्तित्वात आली. त्या वर्षी सु. ४·५ लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये २४,०५,६६५ झाली. १९५६ पर्यंत नागपूर हे मराठी व हिंदी अशा द्विभाषिक राज्याचे राजधानीचे शहर असल्याने हिंदी माध्यमाच्या शाळांची परंपरा येथे जुनी आहे. मोमिनपुऱ्यासारख्या भागांत उर्दू माध्यमाची गरज भासत आली. माध्यमांच्या या विविधतेचा आर्थिक परिणामही आहे, तो पुढे स्पष्ट होईल.

अर्थपुरवठा : अमेरिकेत बहुतेक ठिकाणी निर्वाचित मंडळाच्या हाती असलेला स्वतंत्र शाळा-जिल्हा आपल्या हद्दीतील मालमत्तेवर कर बसवून शाळा चालवितो. परिणामी धनिक उपनगराच्या शाळा संपन्न, तर गरीब वस्तीच्या शाळा विपन्न राहतात. टेक्सस राज्यातील अशी विषमता घटनाबाह्य नसल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. नागपुरात प्रकार वेगळा आहे. महाराष्ट्राच्या १९६२ च्या अधिनियमानुसार आकारला जाणारा शिक्षण उपकर महानगरपालिका मालमत्ता करासोबत वसूल करते. पण तो राज्य शासनाच्या तिजोरीत जातो. धरमपेठेतील घरमालकाने भरलेला उपकर त्याच्या प्रभागातील शाळेला बांधलेला नसतो. राज्याकडून अनुदान येते ते मान्य खर्चाच्या प्रमाणात. शिक्षकांच्या वेतनाचा सामान्यतः निम्मा भार शासन उचलते व उरलेला महानगरपालिकेला आपल्या सर्वसाधारण उत्पन्नातून सोसावा लागतो.

त्या उत्पन्नाचा जकात हा मोठा स्रोत होता. १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईवर महानगरपालिकेची भिस्त वाढली. वेतन टाळता येत नाही; पुढे ढकलता येते ती छपराची व स्वच्छतागृहांची दुरुस्ती. शहराच्या सीमेपलीकडील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांचे वेतन मात्र राज्य शासनाच्या अनुदानातून होते. त्यामुळे हद्दवाढीबरोबर एखादी शाळा जिल्हा परिषदेकडून महानगरपालिकेकडे आली, तर शाळा तीच राहूनही खर्चाचा भार दुसऱ्या तिजोरीवर पडतो.

शिक्षकसंख्या ठरते ती विद्यार्थिसंख्येवरून. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन व १२० पर्यंत चार शिक्षक असावेत. राज्यात दरवर्षी होणाऱ्या संचमान्यतेचे निकष शासनाने २०१५ मध्ये व पुन्हा मार्च २०२४ मध्ये बदलले; पट घटला की पद अतिरिक्त ठरते, हे तत्त्व कायम आहे. ४५ मुलांच्या शाळेचे उदाहरण घेता येईल. तेथे दोन शिक्षक असतील, म्हणजे एका शिक्षकामागे २२ ते २३ मुले. कागदावर हे प्रमाण उत्तम आणि प्रतिविद्यार्थी खर्चही भरपूर दिसतो. प्रत्यक्षात पाच इयत्ता दोघांत वाटल्या जातात व एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला (अधिनियमाने ही कामे वर्ज्य केलेली नाहीत), की पाचही इयत्ता एकाकडे येतात. पालक हे पाहतात व मूल अन्यत्र घालतात. पट आणखी घटतो. एकाच वस्तीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा असल्यास प्रत्येकीचा पट मुळातच लहान असतो व ही घसरण अधिक लवकर सुरू होते. शाळा महाग व निकृष्ट असल्याचा जो निष्कर्ष नंतर काढला जातो, तो या क्रमाचा परिणाम असतो. त्यालाच कारण समजण्याची चूक सर्रास होते.

गुणवत्ता : या शाळांचा दर्जा नेमका मोजणे कठीण आहे. ‘असर’ हे परिचित सर्वेक्षण ग्रामीण मुलांपुरते आहे. २०१७ व २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे नमुन्यावर आधारलेली असून त्यांचे निष्कर्ष जिल्ह्याच्या पातळीवर मांडले गेले. दहावीच्या निकालावरून तुलना करणे तर अन्यायाचे होय, कारण ज्यांना दुसरा पर्याय परवडत नाही अशांचीच मुले येथे अधिक राहतात.

खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांमुळे हा पर्याय काही गरीब कुटुंबांनाही खुला झाला. शासकीय वा अनुदानित शाळा एक किमी. अंतरात असल्यास खासगी शाळांना या बंधनातून सूट देणारी दुरुस्ती राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविली. पालकांचा पर्याय काढून घेऊन पट भरण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, हे योग्यच झाले. महानगरपालिकेने २०२१ पासून आकांक्षा फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या आहेत. अशा शाळेकडे मुले शेजारच्या मराठी वा हिंदी शाळेतून आली, तर त्या जुन्या शाळेचे शिक्षक पुढील संचमान्यतेत अतिरिक्त ठरतात.