सहीमागे सही

अपॉस्टिल म्हणजे परदेशी जाणाऱ्या कागदावर लावली जाणारी, किमान नऊ सेंटिमीटर बाजूची एक चौकट. वर फ्रेंच मथळा आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. देश कोणता, कागदावर सही कुणाची, ती कोणत्या अधिकारात केली, शिक्का कुणाचा. मग हे प्रमाणपत्र कुठं दिलं, कधी, कुणी, त्याचा नंबर, आणि शेवटी शिक्का व सही. मूळ कागदातला मजकूर खरा आहे का, याबद्दल या दहांपैकी एकही नोंद काही बोलत नाही. मुलीच्या परदेशातल्या प्रवेशासाठी किंवा स्वतःच्या नोकरीसाठी हा सोपस्कार करून घेणाऱ्या पुष्कळांची समजूत असते की भारत सरकारनं आपला दाखला तपासला. सरकारनं तपासलेली असते ती दाखल्यावरची सही.

याचं कारण सरळ आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसेवकाची सही लिस्बनमधल्या कारकुनानं ओळखावी, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून पूर्वीपासून एक साखळी चालत आली. गावची सही राज्य सरकारनं ओळखायची, राज्याची सही दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयानं, मंत्रालयाची सही त्या देशाच्या वकिलातीनं, आणि वकिलातीची सही पुन्हा तिकडच्या परराष्ट्र खात्यानं. प्रत्येक टप्प्यावर रांग, फी आणि दिवस.

5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग इथं झालेल्या करारानं या साखळीचं दिल्लीपुढचं टोक कापलं. करारातल्या देशानं आपल्या एका अधिकाऱ्याकडून ती दहा नोंदींची चौकट लावून दिली, की दुसऱ्या सदस्य देशानं त्या कागदावरची सही खरी मानायची. त्या चौकटीवरच्या सहीला पुन्हा कुणाचीही साक्ष मागायची नाही, हे करारातच लिहिलेलं आहे. भारतासाठी हा करार 14 जुलै 2005 पासून लागू झाला. जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांच्या कागदांची पडताळणी वेगळ्या वाटेनं होते. कोकणातल्या घरांना जास्त जवळचा प्रश्न आखातातला. ओमान 2012 मध्ये आला, बहारीन 2013 च्या अखेरीस, सौदी अरेबिया 2022 च्या डिसेंबरात. दुबईला जाणाऱ्याला मात्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर अमिरातीच्या वकिलातीकडे जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. कुवेत आणि कतारचंही तसंच. एकाच वाडीतला एक मुलगा मस्कतला निघालेला आणि दुसरा शारजाला, तर दोघांच्या पदव्या एकाच विद्यापीठाच्या असूनही त्यांच्या कागदांचे प्रवास वेगळे.

जन्मदाखला, पदवी, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हे कागद मुळातच सरकारी किंवा विद्यापीठाचे. त्यांची साखळी एखाद्या कार्यालयापासून सुरू होते. पण प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, कुलमुखत्यारपत्र, मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर हे कागद खासगी असतात. त्यांना पहिली सार्वजनिक सही मिळते ती नोटरीची. तिच्यावर मग राज्याच्या गृह विभागाची आणि परराष्ट्र मंत्रालयाची सही चढते. या सगळ्या साखळीत सही करणाऱ्या माणसाचा चेहरा बघणारा एकच जण असतो, तो म्हणजे नोटरी. पुढचे सगळे त्याच्या शिक्क्याकडे बघतात. माझ्या मते परदेशी जाणाऱ्या खासगी कागदाचं सगळं वजन इथंच ठरतं, आणि आपण नेमकं याच टप्प्याला सगळ्यात कमी किंमत देतो.

भारतातला नोटरी हा सहसा वकील असतो. किमान दहा वर्षं वकिली झालेली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांना सात वर्षं पुरतात. 1952 चा नोटरी कायदा येण्याआधी इथल्या सरकारला नोटरी नेमता येत होते ते 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याखाली, म्हणजे मुख्यतः न वटलेल्या हुंड्यांची नोंद करण्यापुरते. पूर्ण अधिकाराचा नोटरी व्हायचं तर नेमणूक इंग्लंडमधल्या ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’कडून यावी लागे. स्वतंत्र देशातल्या माणसाची सही खरी आहे हे सांगणाऱ्याची सनद परदेशातून यावी, हे चालण्यासारखं नव्हतं. कायद्यानं तो अधिकार केंद्र आणि राज्य सरकारांकडे आणला. शपथ देणं, दस्तावर सही झाल्याचं साक्षांकित करणं, भाषांतर करणं व तपासणं ही कामं कायद्याच्या आठव्या कलमात आहेत. लग्न लावणं किंवा घटस्फोट देणं त्यात नाही. तरीही असे कागद बनत राहिले, आणि 2024 च्या ऑक्टोबरात केंद्राच्या विधी खात्याला नोटरींना तसं बजावून सांगावं लागलं.

कोर्टाच्या आवारात एखाद्या नीट काम करणाऱ्या नोटरींच्या टेबलाशी अर्धा तास बसलं तर हा व्यवसाय कळतो. एक बाई मुलीबरोबर येतात. मुलगी आयर्लंडला शिकायला निघालेली. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात. आईच्या आधार कार्डावर सासरचं नाव, विवाहाच्या जुन्या कागदावर माहेरचं. महाराष्ट्रातल्या नावांची ही रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की परदेशातला अधिकारी यात तीन वेगळी माणसं बघेल, हे लक्षातच येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र. बाई टाइप केलेला कागद पुढे करतात आणि म्हणतात, “सही घरूनच करून आणलीय, साहेब.” नोटरी कागद परत सरकवतात. “मग इथं परत करा. माझ्यासमोर.” ते पासपोर्टवरचा फोटो बघतात, बाईंकडे बघतात, कागदात काय लिहिलंय हे त्यांना मराठीत सांगतात आणि मग पेन देतात. नंतर रजिस्टर उघडतं. अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, नाव-पत्ता, फी, तिकिटं, आणि पुन्हा बाईंची सही. मग कागदावर नोटरीचं तिकीट, त्यावरून जाणारी सही आणि गोल शिक्का. हा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा, त्यावर नोटरीचं नाव आणि कार्यक्षेत्र असावं, हे 1956 च्या नियमांत ठरवून दिलंय. फीचा तक्ता कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावावा, हेही.

ते रजिस्टर हाच या संस्थेचा कणा. कागद लंडनला गेला, मस्कतला गेला, हरवला किंवा कुणी त्याच्यावर हरकत घेतली, तरी अमुक दिवशी अमुक बाई इथं आल्या होत्या याचा पुरावा इथं मागे उरतो.

गोव्यात याहून वेगळी परंपरा आहे आणि ती पाहिली की आपल्या नोटरीकडे काय कमी आहे ते कळतं. पोर्तुगीज रिवाजातला नोटरी हा सरकारी अधिकारी. तो मूळ दस्त स्वतःच्या पुस्तकात लिहितो, पुस्तक सरकारदरबारी राहतं, आणि पक्षकारांना मिळते ती प्रमाणित नक्कल. आजही गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारांच्या कार्यालयात वारसांचा दस्त असा होतो. 2012 च्या गोवा वारसा कायद्याच्या नावातच ‘विशेष नोटरी’ आहे. आपल्याकडे मूळ कागद पक्षकार घेऊन जातो आणि नोटरीकडे राहते रजिस्टरातली एक ओळ. म्हणून ती ओळ नीट लिहिली जाणं जास्त महत्त्वाचं. याच गोव्यातून अपॉस्टिलचा एक मोठा ओघ लिस्बनकडे वाहतो. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्म नोंदवून नागरिकत्व मागता येतं. आजोबांचा जुना जन्मदाखला, आजीच्या लग्नाची नोंद, लिस्बनच्या वकिलाला दिलेलं मुखत्यारपत्र असे गठ्ठे तयार होतात. एका अक्षराचा फरक निघाला की सगळं थांबतं.

महाराष्ट्रातल्या अर्जदारानं मूळ कागदाला लॅमिनेशन करू नये, हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं. शिक्के बहुधा मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतात, आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नसणं हाही नेहमीचा अडथळा. ते आधी नोंदणी कार्यालयात भरून घ्यावं लागतं. 2019 पासून अपॉस्टिलसाठी दिल्लीची वाट राहिलेली नाही, मुंबईतूनही ते होतं. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची फी दर कागदाला पन्नास रुपये. याच्या कितीतरी पट पैसे मधले एजंट घेतात, आणि लोक ते देतात, कारण कोणती सही कुणानंतर हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही.

उलट दिशेचा प्रवासही मोठा आहे. न्यू जर्सीतल्या मुलाला पुण्यातला फ्लॅट विकायचा असतो, येणं जमत नाही, मग भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. 1908 च्या नोंदणी कायद्याचं 33 वं कलम सांगतं की परदेशात राहणाऱ्यानं ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर करावं. अमेरिकेत नोटरीसमोर केलं तर त्यावर त्या राज्याच्या अधिकृत कार्यालयाचं अपॉस्टिल लागतं. मुखत्यारपत्र इथं पोहोचलं की तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राबद्दल न्यायालय गृहीत धरून चालतं की ते रीतसर झालंय. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 85 व्या कलमातलं हे गृहीतक नव्या साक्ष अधिनियमानंही ठेवलं. एका घराची मालकी या गृहीतकावर बदलते.

आणि हे गृहीतक ज्याच्या भरवशावर उभं आहे, त्या टेबलाशी काय घडतं? पक्षकार न येता एजंट पंचवीस कागदांचा गठ्ठा आणतो, एका बैठकीत शिक्के पडतात, रजिस्टर संध्याकाळी भरलं जातं किंवा भरलंच जात नाही. असं सगळीकडे होतं असं नाही, पण ज्यानं कोर्टाच्या आवारात वेळ काढलाय त्याला हे नवीन नाही. त्या कागदावर पुढे गृह विभाग प्रामाणिकपणे सही ओळखतो, मंत्रालय प्रामाणिकपणे अपॉस्टिल लावतं, परदेशातला अधिकारी करारावर विश्वास ठेवतो. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं आणि तरी कागद खोटा असू शकतो. सरकारनं ऑनलाइन पडताळणी आणली, कागद ऑनलाइन साक्षांकित करण्यासाठी ‘ई-सनद’ आणलं, ते चांगलंच झालं. पण समोरचा माणूस तोच आहे का, हे पाहण्याचं काम त्यांपैकी कशानंही नोटरीकडून काढून घेतलेलं नाही.

नोटरी नेमणाऱ्या सरकारांनी ही रजिस्टरं दरवर्षी खरोखर तपासायला हवीत. आणि तुम्ही जेव्हा नोटरीकडे जाल तेव्हा स्वतः जा. मूळ कागद आणि पासपोर्ट बरोबर न्या, सही त्यांच्यासमोर करा, आणि रजिस्टरात तुमची सही घेतली नाही, तर रजिस्टर मागून ती करूनच उठा.