कामठीचं लुगडं, दिओरचा घेर

‘ओत कुत्यूर’ हे बिरूद फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याने राखीव आहे. गिऱ्हाइकाच्या मापाने, बहुतांशी हाताने शिवणाऱ्या मोजक्याच पेढ्या ते लावू शकतात. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी अशाच एका पेढीच्या ख्रिस्तियन दिओरने पॅरिसमध्ये कपड्यांचा पहिला संग्रह मांडला: आवळलेली कंबर, तिच्याखाली भरणा घालून फुगवलेलं ‘बार’ जाकीट आणि पोटरीपर्यंत उतरणारा घेर. काही घेरांना नऊवारीपेक्षाही जास्त कापड लागे. युद्धानंतरच्या टंचाईत त्यावर टीका झाली, ती रास्तच. नागपूरजवळच्या कामठीच्या मोमीन विणकरांच्या लुगड्याला मात्र कात्री लागत नाही. सगळी ऐट नेसण्यात! ३० मार्च २०२३ रोजी दिओरच्या पेढीचा शो मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी झाला. त्यातलं भरतकाम मुंबईच्याच ‘चाणक्य’ कार्यशाळेतलं होतं.