बुडवलेलं जहाज, माशांचं घर

कळंबपासून समुद्र लांब असला तरी सुकट-बोंबील आपल्या प्रत्येकीच्या घरात असतात. त्याच समुद्रात एक जहाज मुद्दाम बुडवायची योजना आपल्या राज्याने आखली. आज त्याबद्दल बोलू.

जहाजाचं नाव ‘गुलदार’. 1985 साली नौदलात आलेलं, रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं. जानेवारी 2024 मध्ये ते निवृत्त झालं आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आलं. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकाजवळ ते बुडवायचं आणि पर्यटकांना पाण्याखाली नेऊन दाखवायचं, असा बेत.

एवढं लोखंड पाण्यात कशाला घालायचं? आपल्या नदीतला दगड आठवा. मोकळ्या वाळूत फारसं काही धरत नाही, पण दगडाला शेवाळ येतं, कपारीत चिंबोरी बसते. जहाजाचंही तसंच. आधी डोळ्यांना न दिसणारे जीव चिकटतात, मग शेवाळ, मग कालवं. त्यांच्या आडोशाला बारके मासे येतात आणि त्यांच्या मागे तांबोशी, गोबरा. मात्र आधी जहाजातलं तेल, वायरी, प्लास्टिक काढावंच लागतं, नाहीतर ते विष पाण्यातच उतरायचं.

थंड समुद्रातही हेच घडतं. स्कॉटलंडमध्ये स्कापा फ्लो इथे 21 जून 1919 रोजी जर्मन खलाशांनी स्वतःचीच जहाजं बुडवली. उरलेल्या सांगाड्यांवर आज मऊ पोवळी आणि तारामासे आहेत. तिथे उतरायला जाड पोशाख लागतो.

पाठीवर हवेची टाकी असली तरी हे काम जपून करायचं. दर 10 मीटर खोलीला अंगावरचा दाब वाढत जातो. वर येताना घाई केली, तर रक्तात बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मच्छीमारांचा प्रश्न. सांगाड्यात जाळं अडकलं की फाटतंच. तिथे जाळं टाकायचं नाही असं ठरलं, तर त्यांच्या हक्काची जागा गेली. मासे वाढतील म्हणतात, पण नवे किती वाढले आणि इकडचे तिकडून किती गोळा झाले, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? आणि पर्यटकांचा पैसा गावातल्या बाईच्या हातात येणार का?

येऊ शकतो. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफारी चालवतात. होडी त्याच वल्हवतात आणि झाडांची माहितीही त्याच सांगतात.