हळद पिवळीधमक, म्हणून शुद्ध? पाण्याच्या ग्लासात काय कळते, काय नाही

सांगली : हळदीची पूड पाण्यात टाका आणि भेसळ ओळखा, ही चाचणी आता घरोघरी माहीत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही ती सुचवली आहे. शुद्ध पूड तळाशी बसते, पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर रंग मिसळल्याचा संशय घ्यायचा. मात्र, सर्वांत घातक भेसळ या ग्लासात सापडेलच असे नाही.

मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग पाण्यात विरघळतो, म्हणून तो दिसतो. लेड क्रोमेट मात्र पाण्यात जवळपास विरघळत नाही. पुडीबरोबर गुपचूप तळाशी जाते. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. हळद तर रोजच्या भाजीत पडते.

रंग कुठे चढतो?

काढणीनंतर हळद शिजवतात, वाळवतात आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. हळकुंड जितके तेजस्वी, तितका भाव बरा. मोहाची जागा हीच. बांगलादेशात लेड क्रोमेट पॉलिशच्याच टप्प्यावर वापरले जात असल्याचे संशोधकांना आढळले. तिथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. घाऊक बाजारात छापे, दंड आणि जनजागृती झाली. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. म्हणजे इच्छा असेल तर हे थांबते.

'सांगलीची हळद' म्हणजे हमी?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरची जमिनीखालची पेवे ही या व्यापाराची जुनी ओळख. शेजारच्या सातारा जिल्ह्यातही कृष्णाकाठी हळद पिकते. पण मानांकन सांगते ते मूळ. पाकिटातल्या पुडीची शुद्धता नव्हे. सांगलीच्या बाजारात बाहेरच्या राज्यांतूनही माल येतो. पुडीसाठी कायद्याची कसोटी वेगळी आहे : कर्क्युमिनॉइड किमान २ टक्के आणि लेड क्रोमेट अजिबात नको.

ग्राहकाने काय करावे?

शक्य असेल तर हळकुंडे घेऊन दळून आणावीत. फार चकचकीत हळकुंड पाण्यात टाकताच रंग सोडू लागले, तर घेऊ नये. शिशाची खात्री प्रयोगशाळेतच होते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. नमुना नियमबाह्य निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते.