घरात शुगर आहे, मग तेलाचं काय?

गगनबावड्याला सह्याद्रीचा माथा संपतो आणि दोन घाट खाली सुटतात, एक करूळचा आणि दुसरा भुईबावड्याचा. दोन्ही उतरतात वैभववाडी तालुक्यात. घाटावर आमटीला फोडणी शेंगतेलाची, घाटाखाली वाटणाला ओलं खोबरं, आणि गगनबावड्याच्या चुलीवर या दोन्हींची ये-जा. जोडीला म्हशीच्या दुधाची साय, कढवलेलं तूप आणि पाहुणे आले की रस्सा. अशा घरात वडिलांना किंवा आईला शुगर निघाली की मुलं पहिला प्रश्न विचारतात, ‘आता तेल कुठलं खायचं?’

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. ज्याच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्याच्या बाबतीत खाल्लेलं तेल-तूप अंगात जाऊन कुठं साठतं, यावर बरंच काही ठरतं.

याचा मोठा धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बारीक होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असणं म्हणजे चरबी कमी असणं नव्हे, हे त्या एका फोटोनं दाखवलं.

कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी आहे. जास्तीचं जेवण तिथं भरून ठेवलं तर फारसं बिघडत नाही. पण प्रत्येकाची कणगी सारख्या मापाची नसते. ती भरली की उरलेली चरबी यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जाऊ लागते. स्नायूंच्या पेशींत चरबीचे काही घटक साचले की इन्सुलिनचा निरोप आत नीट पोचत नाही आणि साखर रक्तातच रेंगाळते. चरबी साचलेलं यकृतही इन्सुलिनला जुमानत नाही, गरज नसताना साखर सोडत राहतं. ती आवरायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवतं. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे, त्यांचं स्वादुपिंड हा भार पेलताना लवकर थकण्याची शक्यता अधिक असते.

ही सुरुवात रोग दिसण्याच्या कितीतरी आधी होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेहींची तरुण, सडपातळ आणि निरोगी मुलं तपासली. त्यांच्यापैकी ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, त्यांच्या स्नायूपेशींत इतरांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त चरबी होती आणि पेशींतली ऊर्जानिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी कमी. हेही २००४ सालीच प्रसिद्ध झालं.

आता तेलाच्या जातीकडे येऊ. फिनलंडमध्ये काही स्थूल व्यक्तींना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला दिल्या. एका गटाला त्या लोणी, चीज, खोबरेल तेल अशा संपृक्त चरबीतून, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल आणि अक्रोडासारख्या कवचफळांतल्या असंपृक्त चरबीतून, तर तिसऱ्याला साखरेच्या पदार्थांतून मिळाल्या. यकृतातली चरबी संपृक्त गटात सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेच्या गटात ३३ आणि असंपृक्त गटात १५ टक्क्यांनी. कॅलरी तेवढ्याच, पण यकृतावरचा परिणाम निराळा.

या हिशेबात आपलं शेंगतेल बरं बसतं. त्यात संपृक्त चरबी साधारण पाचवा हिस्सा. पामतेलात ती निम्मी, तुपात साठ टक्क्यांच्या वर आणि खोबरेल तेलात नव्वदच्या आसपास. तरीही वाटणातल्या मूठभर ओल्या खोबऱ्याला घाबरायचं कारण नाही. भाकरीवरच्या चमचाभर तुपाचाही बाऊ नको. खरा प्रश्न मिसळीवर बोटभर तरंगणाऱ्या कटाचा, बेकरीतल्या खारी-बटरचा आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तळणाच्या तेलाचा आहे. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. गाड्यावरच्या कढईतलं तेल कितव्यांदा उकळतंय, हे मात्र गिऱ्हाइकालाच बघावं लागतं.

सगळा दोष तेलावर टाकूनही भागत नाही. गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका, त्यामुळे ताटात भात आलाच. गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या भाताची आणि साखरेची यकृत स्वतःच चरबी बनवतं, आणि तीही मुख्यतः संपृक्त. तूप सोडलं आणि चार वेळा गोड चहा चालू ठेवला, तर यकृताला त्याचा फायदा फारसा कळत नाही. नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी आधी आणि भात शेवटी थोडा, असं ताट या बाजूनं अधिक कामाचं.

कोल्हापूरच्या तालमींतली खुराकाची परंपरा इथं आठवते. पहिलवान दूध, तूप, बदाम पचवायचा, कारण रोजच्या शेकडो जोर-बैठकांत त्याचे स्नायू ती चरबी जाळून मोकळे व्हायचे. राबणाऱ्या स्नायूत साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही शिरते. पुढे तालीम सुटली, शेतात चिखलणीला ट्रॅक्टर आला, दाराशी मोटारसायकल उभी राहिली. खुराक तेवढा तसाच राहिला. मुलांना आईवडिलांकडून जनुकं मिळतात, आणि त्याच घरातली वाढण्याची सवयही मिळते.

मोजमाप सोपं आहे. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वरचं तेल-तूप २० ते ३० ग्रॅम पुरतं. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण तीन किलो, तूप धरून. किराणाच्या यादीत हा आकडा पाच-सहा किलोंवर असेल, तर तेलाचा ब्रँड बदलण्याआधी डब्याचं माप बदलायला हवं.

याचा उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात गोड आणि स्निग्ध कमी करून रोज चालणाऱ्यांमध्ये सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन गोळीनं तो २६.४ टक्क्यांनी घटला होता.

म्हणून ज्यांच्या घरात शुगर आहे, त्या मुलांनी पंचविशी-तिशीतच कंबर मोजावी. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी करून घ्यावी; एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये आली, तर मागं फिरायला अजून वाव आहे. वजनकाटा बरा दाखवतोय, एवढ्यावर ही तपासणी पुढं ढकलू नये.